कमानीवरचा निळा रंग

कौसल्याबाईंचं घर टिनाचं. शाळेत पोरांची खिचडी शिजवून त्यांनी संघर्षला, आपल्या मुलाला, आयटीआय करवलं, पण घरावरचं टिन काही बदललं नाही. तरी कुणी गरीब म्हटलं की बाई फणकारायच्या. उमरखेडच्या वाटेवरल्या त्यांच्या गावात काळ्या दगडाची जुनी कचेरी होती, आणि ती आपलीच आहे असं त्या धरून चालत. सरकारी म्हणजे सगळ्यांची, अन् सगळ्यांची म्हणजे माझी, इतका साधा मामला.

वस्तीत एक रीत होती. विहारात लग्न लागलं की नवरा-नवरीनं कचेरीच्या पायऱ्या चढायच्या आणि मधल्या कमानीखाली फोटो काढायचा. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नाही. पण एवढी देखणी जागा गावात दुसरी नव्हती, आणि तिथं उभं राहायला कुणाची परवानगी लागत नव्हती. कौसल्याबाईंचा आणि त्यांच्या मालकांचा, उकंडांचा, फोटोही तिथलाच. उकंडा जाऊन बरीच वर्षं झाली. फोटोत मात्र ते असे ताठ उभे आहेत, जणू कचेरी त्यांनीच बांधली.

ती कचेरी आता पाडायचं घाटत होतं. ऑफिसं नव्या इमारतीत गेली, तेव्हा जुन्या जागेवर दुकानांचे गाळे काढायचं नगरपंचायतीच्या तिथल्या नगरसेवकांनी मनावर घेतलं. काहींनी हरकत घेतली, म्हणून इमारत ठेवण्याजोगी आहे का ते बघायला नागपूरहून तज्ज्ञ येणार असं कळलं. कौसल्याबाईंनी बोटांवर महिने मोजले. संघर्षचं लग्न उन्हाळ्यात ठरलं होतं.

आता, आपल्याकडे कुणी साहेब येणार म्हटलं की पहिला हात रंगाच्या डब्याला जातो. कौसल्याबाई तरी त्याला अपवाद कशा असणार? त्यांनी बायांना गोळा केलं, विहारात जयंतीच्या रंगकामातून उरलेला ऑइलपेंट बाहेर काढला आणि कमानींवरच्या नक्षीला निळा, खांबांना पांढरा असा भरघोस हात देऊन टाकला. कचेरी लखलखायला लागली. बाया आपल्याच कामावर खूश होऊन पायऱ्यांवर चहा प्यायल्या.

तज्ज्ञ म्हणून आलेल्या मैत्रेयी मॅडमनी कमानीवर नख ओढून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या की, नक्षीच्या खाचा रंगानं भरल्यात, दगड दिसत नाही, जे दिसतच नाही त्याबद्दल काय लिहू? शेजारी उभे असलेले नगरसेवक मिशीत हसले. कौसल्याबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाचवायला गेल्या, आणि स्वतःच्याच हातांनी घात केला.

पण त्या रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. पदर खोचून त्या मॅडमपुढे उभ्या राहिल्या.

"रंग आमीच लावला, मॅडम. आता काढाचा कसा, तेवढं सांगून जा."

मॅडमनी बसून समजावलं. रंग सैल करणारं औषध लावायचं, लाकडी पट्टीनं खरवडायचं. लोखंड लावायचं नाही, ॲसिड तर मुळीच नाही, आणि घाई करायची नाही. महिन्यानं परत येईन म्हणाल्या.

शाळेची पातेली घासून झाली की कौसल्याबाई कचेरीवर जायच्या. सुरुवातीला बाया आल्या, मग एकेक गळत गेली. शेवटी सोबत उरली ती तांड्यावरची संगीता, शाळेत त्यांच्याबरोबर स्वयंपाक करणारी. बोटं सोलून निघाली, खांदे भरून आले. संघर्षला ते बघवेना. फोटो एखाद्या लॉनवर काढू, आता राहू दे, असं तो विनवू लागला. कौसल्याबाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"आपल्या घरात सुंदर म्हणावं असं काय हाय, सांग बरं? आपल्याजोळ हे एकच होतं. अन् ते बी मीच झाकून टाकलं."

संघर्षनं दुसरी पट्टी उचलली.

महिन्यानं मॅडम आल्या तेव्हा फक्त मधली कमान मोकळी झाली होती. काळ्या दगडावर कमळांची वेल चढली होती, आणि वेलीच्या टोकांना दोन राघू. ते राघू कौसल्याबाईंनीही कधी पाहिले नव्हते. निळ्या रंगाच्या आधी किती वर्षांचा चुना त्यांच्यावर बसला होता कोण जाणे. उकंडांच्या फोटोतही ते नाहीत. मॅडमनी दगडावरून हात फिरवला आणि पाडापाडी थांबवावी असं तिथंच लिहून टाकलं.

गाळ्यांचा बेत बारगळला. दुसऱ्या दिवशी नगरसेवक तिकडून जात होते, तर कौसल्याबाई पुढच्या कमानीला भिडलेल्या. त्यांना नवल वाटलं.

"काकू, आता तर तुमचं काम झालं. कायले घासून राह्यल्या?"

"तुमच्यासाठी घासत होती काय मी?" कौसल्याबाई मान न वळवता म्हणाल्या. "सून येऊन राह्यली घरात. तिले आपलं घर नीट दिसलं पाहिजे."