दोन सभा, एक फोटो

दौलत गेल्याची बातमी मला माझ्या सांगलीच्या दुकानात एकाच दुपारी दोनदा कळली. आधी त्याच्या गावच्या वरच्या आळीचा माणूस आला. "आमचं दौलतनाना गेलं," म्हणाला. घटकाभरानं खालच्या आळीचा आला, तोही "आमचं"च म्हणाला. जिवंतपणी हेच दोन्ही पक्ष त्याला 'त्यांच्यातला' म्हणून हिणवत होते. मी दोघांनाही पाणीसुद्धा विचारलं नाही.

जर्मनाबरोबरच्या लढाईत आम्ही एका पलटणीत होतो, त्याच्या गावची दोन्ही आळ्यांची पोरंही. तो पलटणीतून सुटून गावी आला तेव्हा गाव दुभंगलेलं. भूमिगतांना मिळून भाकऱ्या पोचवणारी घरं स्वराज्य आल्यावर दोन पक्षांत वाटली गेली, ओढ्याच्या एका काठाला वरची आळी, दुसऱ्याला खालची, आणि एकमेकांच्या मयतीलाही जाईनात. ओढ्याला बांध नाही म्हणून उन्हाळाभर बायका कोसभर पाण्याला जात, त्याचं कुणाला काय! दौलतनं दोन्हीकडचे उंबरे झिजवले. शेवटी बांध घालायला कबूल झाले, पण आपापल्या काठाकडून आणि आखणीला आपापली दोरी लावून. दुसऱ्याची दोरी बघणंसुद्धा कमीपणाचं... व्हायचं तेच झालं. ओढ्याच्या मध्यावर दोन टोकं एकमेकांना चुकली, मधून बैलगाडी जाईल एवढी फट राहिली.

"आमी का वाकायचं? त्यांनी वाकावं," दोन्हीकडचं उत्तर तेच. शेवटच्या भेटीत दौलत म्हणाला, "जर्मनाम्होरं उभी ऱ्हायल्याली पोरं ही, गड्या. हातभर वाकायला मरत्यात." मग त्या फटीत तो एकटाच तिरके दगड रचू लागला. दोन्ही काठांवर लोक बसून बघत होते. दोन थर झाले आणि वळवाचा लोंढा आला. दगड धरून तो पाण्यात उभा राहिला, तापानं फणफणला... अंथरुणातून उठलाच नाही.

तेराव्यानंतर दोन काठांवर दोन शोकसभा झाल्या. त्याचा फोटो मात्र एकच, पलटणीतला. "आदी तुमी घ्या, मग त्यास्नी द्या," दौलतची बायको साळूवहिनी वरच्या आळीला म्हणाल्या. आणि दोन्ही पक्ष एका शब्दात कबूल! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पहिली सभा आटोपताच एकजण फोटो छातीशी धरून ओढ्यात उतरला. दौलतनं रचलेल्या दगडांवर पाय देत फटीपार गेला, आणि पलीकडच्यानं अदबीनं हात दिला.

परवा, वर्षभरानं, पुन्हा जाऊन आलो. फोटो भिंतीवर आहे, दोन्ही पक्षांचे हार त्यावर वाळून गेलेत. ओढा कोरडा, फट तशीच.

"आवं भावजी, फोटोसाठी झालं त्यांचं एक," वहिनी म्हणाल्या, "ह्यो माणूस हुता तवा का न्हाई झालं?"

त्यांनी घागर उचलली आणि कोसभर पाण्याला निघाल्या.