मीठ न टाकता चढलेला रंग

आमच्या घरी मुलगी देताना पत्रिकेच्या आधी पाणी बघायचे. आम्ही मूळचे रंगारी. म्हैसूरला येऊन किती पिढ्या झाल्या ते कुणालाच धड सांगता येत नाही, आणि रंगाची भट्टी तर आजोबांच्या हयातीतच विझली. अप्पा जन्मभर नंजनगूडच्या एका कारखान्यात बसने जाऊन-येऊन खपले. पण ही रीत काही सुटली नाही. मुलाच्या घरच्या विहिरीचं पाणी आणायचं आणि त्यात पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा लाल रंग घालून उकळायचा. रंग फिका किंवा डागाळलेला आला की नकार, एकसारखा चढला की होकार. माणसं खोटं बोलतात, पाणी बोलत नाही, असं अप्पा म्हणायचे.

अक्काचं स्थळ उडुपीच्या पुढचं, अगदी समुद्राला लागून. अप्पा स्वतः जाऊन कॅन भरून घेऊन आले आणि परसात स्टोव्हवर पातेलं चढवलं. रंगाच्या पुडीवर 'मूठभर मीठ टाका' असं लिहिलेलं असतं, कारण मिठानं रंग कापडात शिरतो. परीक्षेच्या वेळी मात्र मीठ टाकायचं नाही. गुण पाण्याचा बघायचा असतो, मिठाचा नव्हे. त्या दिवशी कापड इतकं गडद निघालं की अप्पा ते ओलंच घेऊन स्वयंपाकघरात आईकडे धावले. "मीठ न टाकता, नोडे, बघ गं! मीठ न टाकता!" मी तेव्हा दहावीत होते. मीही टाळ्या वाजवल्या.

ही चूक रंगाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणी केली नसती. दुसऱ्या कुणीही ते पाणी नुसतं पिऊन बघितलं असतं. तेव्हा ते जिभेला कळलं असतं की नाही, देव जाणे.

पुढे मी म्हैसूरच्याच विजयनगर भागातल्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागले. समुद्रापासून इतक्या लांब, इतक्या उंचावर बसून मुलांना समुद्र शिकवायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच. एका वर्षी वर्गात नवा नकाशा लावला. येत्या काही दशकांत समुद्र कुठवर येईल ते त्यात निळ्या छटांनी दाखवलं होतं. मी पट्टी घेऊन सांगत होते, की पाणी एकदम घरात येत नाही. आधी ते जमिनीखालून विहिरीत शिरतं. मग वादळं जोर धरतात, आणि समुद्रच वर चढलेला असला की लाट पूर्वीपेक्षा आत येते. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मिस, तिथं माणसं राहतात काय?" पट्टीचं टोक अक्काच्या गावावर होतं. तेव्हा मला ते लाल कापड आठवलं. मीठ विहिरीतच होतं. आम्ही त्यालाच पाण्याचा गुण समजून मुलगी दिली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अक्काकडे गेले. घरापुढची माडांची रांग समुद्रानं नेली होती, दोनच झाडं उरली होती. प्यायचं पाणी टँकरनं यायचं आणि स्वयंपाक विहिरीच्या पाण्यावर व्हायचा. तिच्या हातचं सारू, म्हणजे आमच्याकडची पातळ आमटी, खाऊन मी विचारलं, "मीठ किती घालतेस गं?"

"घालतच नाही. आमची विहीर घालते की," म्हणून ती हसली.

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "दोघं म्हैसूरला चला. भावजी वायरमन आहेत, त्यांना कुठंही काम मिळेल."

"अय्यो, सुम्ने, उगाच कशाला भितेस? अप्पांनी पाणी बघून दिलंय मला. मी आपणहून परत आले तर त्यांचं पाणी खोटं पडतंय, हौदल्ला, खरं की नाही? त्यांनी स्वतः 'ये' म्हटलं तर बघ, दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन बस पकडते."

म्हणजे मला एवढंच करायचं होतं. घरी जायचं आणि अप्पांना सांगायचं की तुमची परीक्षा चुकली, तिला बोलावून घ्या.

मी घरी आले. आई त्याच वर्षी गेली होती. अप्पांनी लाल कापडाचा तो तुकडा तिच्या लुगड्यांच्या पेटीत जपून ठेवला होता आणि आल्यागेल्याला काढून दाखवायचे. जन्मात एवढी एकच गोष्ट आपल्याला वडिलांसारखी साधली, असं त्यांना वाटायचं. त्यांनी विचारलं, "तिकडचं पाणी कसं आहे?"

"गोड आहे," मी म्हटलं.

आज नको, सणानंतर सांगू, त्यांची तब्येत जरा सुधारू दे, असं करत चार वर्षं मी मिठाची गुळणी धरून बसले. वर्गात मात्र दरवर्षी तोच नकाशा लावून घसा फोडत होते. माझ्यासारखी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं, भर दुपारी. लाटा अंगणात शिरल्या तेव्हा भावजी विहिरीवर ताडपत्री बांधायला धावले. समुद्राचं पाणी आत जाऊ नये म्हणून! ज्या विहिरीत समुद्र कधीचा येऊन बसला होता, तिला झाकायला गेले. कठडा ढासळला आणि त्याच्याबरोबर तेही गेले. अक्का दारातून बघत होती.

मी तिला घेऊन आले. पंधरा दिवस ती चुलीकडे फिरकली नाही. मग एका सकाळी आपणहून स्वयंपाकघरात गेली आणि सारू-भात केला. अप्पांनी पहिला घास घेतला.

"मीठ विसरलीस, पुट्टी," ते मायेनं म्हणाले.

"तिकडं घालावं लागत नव्हतं, अप्पा. विहिरीतच असायचं. हाताला सवय राहिली नाही," असं म्हणून ती ताक आणायला आत गेली.

अप्पांचा हात ताटातच थांबला. वय ऐंशीच्या वर, पण हाडाचे रंगारी. मला काही सांगावं लागलं नाही. तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू त्यांनी विचारलं, "आधीपासनंच होतं काय?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

"चार वर्षं झाली."

मी मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी घेतली नाही. तो अळणी भात त्यांनी शेवटच्या शितापर्यंत संपवला, उठले, हात धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला सांगायचं की गं. मी 'ये' म्हटलं असतं."