शेवटची दहा मिनिटं

आमच्या शेजारच्या काकांइतका भित्रा माणूस उभ्या जर्सी सिटीत सापडणार नाही, आणि आपल्या भित्रेपणाचा इतका अभिमान बाळगणारा तर उभ्या अमेरिकेत नसेल. लिफ्टमध्ये शिरताना ते खिशातली शिट्टी चाचपतात. फायर अलार्मची नुसती टेस्ट असली तरी पासपोर्ट आणि तबल्याची जोडी घेऊन अकरा मजले उतरतात. सिनेमाचा शेवट तर त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. निरोपाची चाहूल लागली की काका उठलेच. "आपण पाहिलं नाही, म्हणजे झालं नाही," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

क्यूबाच्या म्हाताऱ्या वादकांच्या निरोपाच्या दौऱ्यावरची एक डॉक्युमेंटरी त्यांनी माझ्या सोफ्यावर बसून सहा वेळा पाहिली, सहाही वेळा दहा मिनिटं कमी. नव्वदीचा गायक काठी टेकत स्टेजची पायरी चढू लागला की माझं मनगट काकांच्या मुठीत. "अरे, एवढ्या लांब निघालेत, कोणी हातावर दही तरी ठेवलं का त्यांच्या?"

मग काकांच्याच हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्यांची मुलगी अ‍ॅशबर्नहून थेट हॉस्पिटलात येणार होती, त्यामुळे त्यांना घरून न्यायचं काम माझ्याकडे आलं. निघताना मी रीतसर त्यांच्या हातावर दही ठेवलं, त्यांनी ते भक्तिभावाने चाटलं. हॉस्पिटलात नर्सने विचारलं, सकाळपासून काही खाल्लंय का. "ओन्ली कर्ड," काका म्हणाले, "फॉर सेफ्टी." ऑपरेशन चार दिवस पुढे गेलं. मुलगी माझ्याशी बोलेना. या चार दिवसांत काही झालं तर, या विचाराने मी रात्री उठून त्यांच्या दाराला कान लावून यायचो.

नव्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी काका म्हणाले, "ती शेवटची दहा मिनिटं तू बघून ठेव. तो गायक परत स्टेजवर येतो का, तेवढं मला सांग." मी एकट्याने पाहिली. तो येत नाही. नुसता माइक असतो, आणि शेजारच्या खुर्चीला टेकवलेली त्याची काठी.

सकाळी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या काकांनी विचारलंच. "येतो काका," मी म्हणालो, "दोन गाणी जास्तच म्हणतो." काका हसले. घरून आणलेली दह्याची डबी त्यांनी माझ्या हातात दिली. "आल्यावर खाईन," म्हणाले आणि आत गेले. पाच तास मी ती डबी मांडीवर धरून बसलो. दाराकडे बघायची हिंमत होत नव्हती.

काका परत आले. आता बरेच धीट झालेत, शिट्टीही घरीच ठेवतात. "चल, ती दोन गाणी ऐकू," म्हणत दर रविवारी माझ्या दारात उभे राहतात. मी काहीतरी निमित्त काढतो. कधी इंटरनेट डाऊन असतं, कधी माझं डोकं दुखत असतं. त्यांच्याशेजारी बसून ती दहा मिनिटं बघायची मला भीती वाटते.