खुर्चीवरचा कोट

डॉक्टरांनी मला फसवलं. सौदा आम्हा दोघांत ठरला होता. माझी बाजू मी पाळली. त्यांनी त्यांची मोडली, आणि वर चार माणसांत मलाच खोटं पाडलं.

दुष्काळाचं साल. जामखेडकडचा सरकारी दवाखाना. चौकशीला नगरहून साहेब आले होते. मला त्यांच्यासमोर उभं केलं. खुर्ची रिकामी होती, बसा कोणी म्हणालं नाही.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टरचं काम पट्ट्या बांधायचं. सुई यांनी मनानंच दिली."

साहेब हसले. "तुम्हा लोकांना चार बुकं शिकवली, की लगेच डॉक्टर व्हायची घाई."

व्हरांड्यात पेशंट बसले होते. सगळ्यांनी ऐकलं.

खरं काय ते सांगते. बाजारपेठेत डॉक्टरांचा स्वतःचा दवाखाना होता. सकाळी ते इथं यायचे, पांढरा कोट खुर्चीच्या पाठीला अडकवायचे आणि तिकडे निघून जायचे. कोट दिसला की लोकांना वाटायचं, डॉक्टर इथंच कुठंतरी असतील. अवघड पेशंट आला की मी बाजीबा शिपायाला पिटाळायचे. तो धापा टाकत परत यायचा. "डाक्टरसायेब म्हनले, पेनिसिलीन द्या." मी द्यायचे. ओपीडी मी चालवायची आणि त्यांनी पुढच्या ट्रेनिंगला माझं नाव सुचवायचं, असं ठरलं होतं. माझी आई बाजारात लाकडाच्या मोळ्या विकायची. घासाघीस करणं मी तिच्या शेजारी बसून शिकले. हा सौदा मला वाईट वाटला नव्हता.

मग खडी फोडणारी एक बाई आली. हात कोपरापर्यंत सुजलेला. निरोप आला, पेनिसिलीन द्या. आधी थोडं टोचून पाहिलं. काही उठलं नाही, म्हणून दिलं. बाई दारापर्यंत गेली आणि कोसळली. अंग गार. नाडी लागेना. बाजीबा डॉक्टरांकडे पळाला. मी थांबले असते तर ती गेली असती. मी त्यावरच्या उताऱ्याची दुसरी सुई भरली आणि दिली. डॉक्टर आले तेव्हा ती पाणी मागत होती.

ही त्या सुईची हकीकत. बोभाटा नगरपर्यंत गेला आणि चौकशी लागली. साहेबांपुढे मी बाजीबाला विचारलं, "पेनिसिलीनचा निरोप कोणी आणला होता?"

तो खाली बघत म्हणाला, "मला न्हाई ठावं, बाई."

रोज सिस्टर म्हणायचा.

बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "माजी लेकरं हायती वं." मी तशीच खोलीवर आले. शेजारच्या कंपाउंडरच्या बायकोनं मला बघून दार लोटून घेतलं. त्या गावात माझं म्हणावं असं कोणी नव्हतं. भाकरी थापली. एकटीच खायला बसले. भांडायलासुद्धा समोर माणूस लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट पुन्हा खुर्चीवर. डॉक्टर बाजारात. आणि बाजीबा दारात. "रांगेतल्या म्हाताऱ्याला सुई द्या म्हनलंय."

माझं डोकं फिरलं. कोट उचलला आणि त्याच्या अंगावर टाकला. "हा घेऊन जा. सांग, ह्याच्यात माणूस घालून पाठवा."

रांगेत गलका झाला. एक बाई ओरडली, "लई तालेवार झाली व्हय गं? सुई द्यायला काय हात झिजतो तुजा?"

"माझा नाही झिजत, मावशी. तुझा जीव जातो."

"मंग आमी काय इथंच मरावं?"

तिचं चुकलं नव्हतं. मी जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. सुईला हात लावला नाही. दुपारी डॉक्टर आले. लालबुंद. पण खुर्चीत बसले आणि स्वतः पेशंट तपासले.

ट्रेनिंगला माझं नाव गेलं नाही. बदली मात्र लगेच झाली.

तेव्हापासून डॉक्टरांनी समोर पेशंट तपासल्याशिवाय मी सुई भरत नाही. कोणी मला माजोरी म्हणतं. म्हणू दे. पण डोळ्यांदेखत माणूस कोसळलं, तर मी कोणालाही विचारणार नाही.

ती बाई मेली असती तर मी खुनी. जगली, तर मी आगाऊ. मग त्या सकाळी त्या दवाखान्यात डॉक्टर कोण होतं? साहेबांनी सांगावं, नाहीतर डॉक्टरांनी सांगावं. उत्तर मिळेपर्यंत मी विचारणार.