पिस्ता रंगाच्या भिंतीआडचं भोक

काही सांगायचं असलं की आधी आमचे खडकीवाले काका उजव्या हाताची मूठ डाव्या तळव्यावर दोनदा आपटत. म्हणजे, इकडे बघा. आपण बघितलं की मग काय असेल ते हातांनीच सांगत, आणि शेवटी तोंडाने एवढंच म्हणत, "कळलं ना? मग बोलायचं कशाला."

बोलताना हातवारे करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत तर प्रत्येक जण हात उडवूनच बोलतो, फक्त त्या हातांचा आणि बोलण्याचा एकमेकांशी संबंध नसतो. खडकीवाल्या काकांचे हात मात्र पूर्ण वाक्यं बोलत. सगळी नोकरी त्यांनी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली, तीही प्रेसशॉपमध्ये. तिथे यंत्रांचा आवाज इतका, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला नुसता वारा लागायचा. म्हणून कामगारांनी आपापसात खुणांची एक भाषाच तयार केली होती. कानाची पाळी धरली की चहा, कारण कँटीनवाल्याच्या कानात बाळी होती. मनगटावर दोन बोटं आपटली की सुट्टी. पोटावरून हात गोल फिरवला की साहेब येताहेत. मूळचे साहेब तसे होते. पुढे काडीसारखे साहेब आले, तरी खूण तीच राहिली. त्या बारीक साहेबांनी एकदा फार काळजीने विचारलं म्हणे, की मी आलो की तुम्हा सगळ्यांची पोटं का दुखतात. कामगारांनी पाण्याला दोष दिला.

निवृत्त झाल्यावर काकांचा प्रेसशॉप सुटला, सवय सुटली नाही. एकदा मी त्यांच्याबरोबर मंडईत गेले होते. त्यांनी मेथीकडे बोट दाखवलं, दोन बोटं वर केली, भाव ऐकून अंगठा खाली केला. भाजीवालीला वाटलं माणूस मुका आहे. तिने हळहळत जुड्या निवडून दिल्या, भाव उतरवला, वर कोथिंबीर घातली. पिशवी भरल्यावर काका स्वच्छ आवाजात म्हणाले, "बाई, कढीपत्ता राहिला." बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि शांतपणे कोथिंबीर परत काढून घेतली.

माझी आणि त्यांची गॅलरी शेजारी शेजारी, मध्ये फक्त एक लोखंडी जाळी. आमची इमारत दोन नव्या उंच टॉवरच्या मधल्या खाचेत बसली आहे, त्यामुळे मोबाइलची रेंज घरात येत नाही. गॅलरीच्या कोपऱ्यात, मान थोडी तिरकी करून उभं राहिलं तर येते. मी विमा कंपनीत आहे आणि निम्मं काम घरून करते, म्हणजे निम्मा दिवस मी त्या कोपऱ्यात मान तिरकी करून लोकांना मृत्यूनंतरचे फायदे समजावत असते. अशा वेळी काका जाळीपलीकडून खुणेने सांगत: दूध आलंय, पाणी जाणार आहे, चेअरमन जिना चढताहेत, दार लावून घ्या. बघता बघता मला ती भाषा येऊ लागली. घरात दोन पदव्या आहेत माझ्या, पण इतका उपयोग दुसऱ्या कुठल्याच शिक्षणाचा झाला नाही.

काकी गेल्यानंतर ते एकटेच राहत. लेकीचं लग्न होऊन ती दूर गेलेली. रक्ताचं म्हणावं असं जवळचं माणूस एकच, त्यांची आक्का. पुरंदरच्या पलीकडे डोंगराआड त्यांचं गाव, तिथे ती पुतण्याच्या घराशेजारी राहते. आई लवकर गेली, तेव्हा या आक्कानेच त्यांना वाढवलं. तिच्या लँडलाइनवर ते रोज संध्याकाळी फोन करत. पुढे तिचे कान गेले. कानात घालायचं यंत्र आणून दिलं तर तिने ते कानात किडा शिरला म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यात फेकलं. मग काका गॅलरीत उभे राहून ओरडत, "आक्का, जेवलीस का?" समोरच्या टॉवरमधून कोणीतरी ओरडून सांगे, हो, जेवलो. आक्काला मात्र काही ऐकू जात नसे. फोनमधून तिचा आवाज यायचा, "कोन हाय? बोल की रं. गप का ऱ्हातोस?"

हे हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसलोही. मग एकदा काका जाळीशी आले, मूठ तळव्यावर आपटायला विसरले, आणि तोंडानेच म्हणाले, "ताई, ती गावभर सांगते, धाकटा रुसलाय माझ्यावर." मला हसू आवरतं घ्यावं लागलं, कारण त्यांचा चेहरा पाचवीतल्या मुलासारखा झाला होता.

त्याच सुमाराला त्या गावात इंटरनेटचं फायबर पोचलं. देशभर गावागावांत सरकार त्याचं जाळं टाकत होतं, त्यातली एक केबल रस्त्याकडेने खणत खणत थेट ग्रामपंचायतीत शिरली. आधी त्या गावात व्हिडिओ सोडा, साधा मेसेज पाठवायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागे. आता पंचायतीत बसून सातबारा निघतो, तालुक्याचा डॉक्टर पडद्यावरून जीभ बाहेर काढा म्हणतो, आणि माणसं पंचायतीच्या भिंतीकडे तोंड करून मुकाट जीभ बाहेर काढतात. काकांच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. ऐकू येत नाही तर न येवो, दिसतं तर आहे. आक्काला पंचायतीत बसवायचं आणि हातांनी बोलायचं.

तिकडची सोय झाली, इकडची होईना. काका माझा फोन घेऊन आमच्या गच्चीवर गेले, टाकीला टेकून उभे राहिले, तेव्हा कुठे चित्र आलं. त्यांनी आक्काला पहिलाच प्रश्न विचारला, चहा घेतलास का, आणि कानाची पाळी धरली. नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. पंचायतीच्या पडद्यावर काका कान धरून उभेच्या उभे. आक्काने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि तिचा आवाज तेवढा आला, "माफी मागतुयास व्हय? म्हंजी रुसलाच हुतास." मग सगळंच बंद पडलं. काका गच्चीवरून खाली आले ते गॅलरीत जाऊन फोनवर ओरडायलाच लागले, की आक्का, तो चहा होता. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांचा आवाज पूर्ण बसला. डॉक्टरांनी घसा बघून सांगितलं, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, पुण्यासारख्या शहरात फायबर घ्यायला काय अडचण? अडचण रंगाची होती. आमच्या इमारतीला नुकताच फिकट पिस्ता रंग दिला होता. तो पिस्ता की शेवाळी यावर दोन वर्षं वाद होऊन मग दिला होता. फायबरवाले केबलचं भेंडोळं घेऊन फाटकाशी आले आणि भिंतीला एक भोक पाडावं लागेल म्हणाले, तर चेअरमनसाहेबांनी त्यांना तिथूनच परत पाठवलं आणि फाटकावर पाटी लावली: "भिंतीस भोक पाडू नये. विचारू नये. नाही म्हणजे नाही." डोंगराआडच्या गावाने जे एका बैठकीत करून टाकलं, ते करायला आम्हाला जमेना. त्यांच्या पंचायतीला रंगच दिलेला नव्हता, हा त्यांचा मोठा फायदा.

मी कमिटीत आहे. कशी, ते विचारू नका. आमच्याकडे मीटिंगला उशिरा येणाऱ्याला निवडून देतात. तर मीच खटपट करून हा विषय मीटिंगमध्ये आणला. गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. चेअरमनसाहेब निवृत्त प्राध्यापक, प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू असतात असं म्हणून ते दोन्ही बाजू स्वतःच मांडतात. एकाने भोकातून मुंग्या येतील असं सांगितलं. दुसऱ्याने विचारलं की फायबरवाले टीव्हीची जुनी केबल परत नेतील का, नाहीतर ती कपडे वाळत घालायला होईल. तळमजल्याच्या काकूंची अडचण वेगळीच होती. या वायरीतून म्हणे उजेड जातो. वायर त्यांच्या स्वयंपाकघराजवळून गेली तर त्याच भिंतीला त्यांचं देवघर, आणि रात्रभर मागून उजेड गेला तर देवांना झोप लागायची नाही.

सगळे एकदम बोलत होते. त्या गलक्यात काका उठले. मूठ तळव्यावर दोनदा आपटली, तिचा आवाज कोणाला आला नाही, पण ते सवयीने थांबून राहिले. प्रेसशॉपमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला आमचा गोंगाट काय करणार. हळूहळू एकेक जण त्यांच्याकडे बघू लागला. घशापुढे हात आडवा धरून त्यांनी दाखवलं, बोलता येत नाही. मग माझ्याकडे बोट केलं.

त्यांचे हात हलू लागले आणि मी मोठ्याने सांगू लागले. आक्का. तिने मला वाढवलं. तिचे कान गेले. माझा आवाज गेला. तिला पंचायतीत बसवलं की ती दिसते, पण माझ्याकडचं चित्र मध्येच अडकतं. इथवर मी सराईतपणे सांगितलं. पुढे त्यांनी जे केलं, ती प्रेसशॉपची खूण नव्हती. त्यांनी मान फिरवली, पाठ केली आणि हात बांधून उभे राहिले.

"तिला वाटतं मी रुसलोय," मी म्हटलं. "तिचं वय झालंय. असं वाटत असतानाच ती गेली तर."

चेअरमनसाहेबांनी घसा साफ करून सुरुवात केली की या प्रश्नालाही दोन बाजू आहेत, आणि काकांनी, माझ्यावर विश्वास ठेवा, नकळत पोटावरून हात गोल फिरवला. मी त्याचं भाषांतर केलं नाही.

तेवढ्यात तळमजल्याच्या काकू उठल्या. म्हणाल्या, "पिस्त्याला हात लावू नका. वायर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घ्या आणि भोक आतल्या भिंतीला पाडा. तिथून डक्टमधून वर जाऊ दे." कोणीतरी देवांच्या झोपेची आठवण करून दिली. "देवांचं मी बघते," काकू म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.

भोक पडलं. फायबरवाल्याने ड्रिल बंद केल्यावर काकूंनी देवघरामागे जाड मेणकापड लावलं, तेवढं त्यांचं समाधान. काकांच्या घरात हिरवे दिवे लुकलुकणारी डबी आली. मी माझा लॅपटॉप त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि पंचायतीतल्या बाईंना फोन करून आक्काला समोर बसवायला सांगितलं.

चित्र आलं, आणि ते हललं तर नीट हललं. डोक्यावर पदर, नाकात चमकी, कॅमेऱ्याच्या फार जवळ बसलेली, त्यामुळे कपाळच जास्त. पंचायतीतल्या बाईंनी तिला मागे सरकवलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी मूठ तळव्यावर दोनदा आपटली, आणि चहाची खूण टाळून दुसरी कुठली करावी याचा विचार करत हात हवेतच धरले.

आक्का त्या हातांकडे बघत होती. मग तिनेच हात उचलला. पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली, आणि तोच हात डोक्यावर उंच नेऊन जोरात आपल्याकडे ओढला. तेच पुन्हा केलं. ही खूण मला माहीत नव्हती. मी काकांकडे बघितलं.

"जेवायला ये म्हणते," ते बसक्या आवाजात म्हणाले, डॉक्टरांना न जुमानता. "मी ओढ्यापलीकडं गुरं राखायचो ना. पाण्याच्या आवाजात हाक पोचायची नाही. मग ही बांधावर उभी राहून अशीच बोलवायची." मग म्हणाले, "मला आपलं वाटायचं, हे सगळं मी खडकीत शिकलो."

"रुसला न्हाईस ना?" आक्का तिकडून ओरडली. काकांनी नाही म्हणून मान हलवली. "मग ये की," ती म्हणाली, आणि पुन्हा हात ओढला.

ते गेले. दुसऱ्याच दिवशी स्वारगेटहून एसटी पकडली, दोन दिवसांचे कपडे घेऊन. दोन दिवसांचे चार झाले, मग ज्वारी निघेपर्यंत राहतो असा निरोप आला, मग घराला कुलूप लावायला एकदा येऊन गेले, आणि ते आजतागायत तिकडेच आहेत. ज्या माणसासाठी सोसायटी रडतखडत भोक पाडायला तयार झाली, तो भोक पडताच निघून गेला, याचं चेअरमनसाहेबांना फार वाईट वाटलं. भोक नकोच होतं, ही पिस्ता रंगाची बाजू त्यांनी पुढचे दोन महिने लावून धरली.

त्या भोकातून निघालेला धागा आता सगळ्यांच्या घरात गेला आहे. माझी मान सरळ झाली. तळमजल्याच्या काकू सकाळी प्रवचन ऐकतात आणि ते अडकत नाही म्हणून कंटाळतात. सोसायटीच्या मीटिंगा लॅपटॉपवर होतात. घर अजून काकांच्या नावावर आहे, म्हणून तेही गावाहून हजर असतात. तिकडेही आता फायबर पंचायतीतून घरांपर्यंत आलं आहे. चौकटीचौकटीतून सगळे एकदम बोलतात, निम्म्यांचा आवाज बंद असतो आणि त्यांना ते माहीत नसतं. काका आवाज बंद ठेवूनच बसतात आणि मला सांगत राहतात: पाऊस झाला, शेळी व्यायली, साहेब बोलताहेत. मला त्यांची आठवण येते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यासाठी खूण नाही.

परवाही मीटिंग अशीच रंगात आली होती. विषय पुढच्या रंगाचा होता. काकांच्या मागे दाराचा उजेड दिसतो, त्या उजेडात आक्का येऊन उभी राहिली. बोटं तोंडाशी नेली, हात उंच केला आणि ओढला. काकांची तिच्याकडे पाठ होती, पण आपल्या चौकटीत त्यांना ती दिसली असावी. त्यांनी मनगटावर दोन बोटं आपटली आणि उठले. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली आणि मागचं उघडं दार.

"हे कुठे गेले?" चेअरमनसाहेबांनी विचारलं. "आपली चर्चा चालू आहे."

"जेवायला," मी म्हटलं.