टेकडीवरचा कचरा आम्हीच काढला

आमच्या ऑफिसला निसर्गसेवा करायची होती, म्हणजे शनिवारी टी-शर्ट घालून फोटो काढायचे होते. आणि कोऑर्डिनेटर कोण? मी. अर्थात.

वाघोलीच्या मागची उजाड टेकडी पुन्हा हिरवी करायचं काम ठाकर बायकांच्या एका गटाकडे होतं. पाच जणी, आंबेगावकडच्या. दोन पावसाळे त्यांनी खैर, पळस, धावड्याचं बी आपल्या डोंगरातून आणून इथे रुजवलं होतं. त्यांच्यातल्या मोठ्या मावशींनी मला फोनवर एकच सांगितलं होतं, आळ्यात पाणी घाला, बाकी कशाला हात लावू नका. मी ते मेलमध्ये लिहिलं, ठळक अक्षरात लिहिलं! मेल कोण वाचतं?

मी पाण्याच्या टँकरला रस्ता दाखवायला खाली गेले, जेमतेम पाऊण तास. परत येते तर टेकडी एकदम चकाचक. प्रत्येक रोपाभोवती बोरीच्या काटेरी फांद्या टाकलेल्या होत्या ना, त्या सगळ्या आमच्या लोकांनी उचलून एका कोपऱ्यात रचल्या होत्या. वर ढिगाऱ्यासमोर सेल्फी. टीम लीड म्हणाला, "किती ड्राय कचरा होता यार!"

अरे, तो कचरा नव्हता. तेच कुंपण होतं. आणि पलीकडून शेळ्या आल्याच.

मी लॅपटॉपची बॅग फिरवत त्यांच्या मागे धावले. बाकीचे व्हिडिओ काढत होते. मग एक वाजला, जेवणाची वेळ, सगळे बसमध्ये. काटे परत लावायचेत म्हटलं तर हातमोजे नाहीत म्हणे!

मावशी बाकीच्या चौघींना घेऊन आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एकेका खैराशी वाकून बघत गेल्या. अर्ध्याअधिक रोपांचे शेंडे गायब.

मी विचारलं, गेली का सगळी?

"मूळ हाय. काटा ऱ्हायला तर फुटंल," त्या म्हणाल्या. मग माझ्या गळ्यातल्या आयकार्डाकडे बघून, "ऱ्हाईल का पण?"

मी हो म्हटलं. बस गेली. संध्याकाळपर्यंत आम्ही सहा जणींनी फांद्या परत लावल्या, माझे दोन्ही हात सोलून निघाले.

सोमवारी ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आले, खाली लिहिलेलं, क्लीन-अप सक्सेसफुल. पुढचा कधी, असं अठरा जणांनी विचारलंय. मी कोणालाच तारीख देत नाहीये.