पहिली पेंडी

तिच्याविषयी लिहिण्याइतका मी मोठा नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, चुकलं तर माफ करा.

ती आमच्या नवेगाव बांधकडच्या गावात धान रोवणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोलणं कमी. रांग वाकडी झाली की नुसती हनुवटी उचलते.

समाजशास्त्राच्या तासाला सर म्हणाले, रूढी कुठे लिहिलेली नसते, पण मोडणाऱ्याला समाज शिक्षा करतो. वहीत उतरवताना मला तीच आठवली.

बाबा गेल्यानंतरच्या रोवणीत तिनं पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पहिली पेंडी माझ्या आईच्या हातात दिली. हा मान सवाष्णीचा. बांधावरून मालक म्हणाला, "बाई, हिले काऊन देऊन राहिली?"

तिनं खर्रा थुंकला. "हिची रांग सरळ येते. पटत नसन तं आम्ही चाललो."

सगळ्या टोळीचं काम जाणार होतं, तरी एकही बाई तिच्या शब्दाआधी रोवायला वाकली नाही. मालक बांधावरून निघून गेला. आईनं पहिलं रोप लावलं.

यंदा मालकानं दुसरीच टोळी बोलावली. काल वसतिगृहात आईचा फोन आला. म्हणाली, "नव्या टोळीनं बी पहिली पेंडी नवरा नसलेल्या बाईलेच दिली."